काशीला सोडलेलं दूध

प्रवासाच्या दशम्या दुधातच भिजवायच्या, असा माझ्या आजीच्या सासरचा दंडक होता. पाण्यात भिजवलेलं पीठ तव्यावर गेलं की त्याला खरकट्याचे सगळे नियम लागू. ते गाडीत, धर्मशाळेत, परक्याच्या ओट्यावर बसून खायचं नाही. तेच पीठ दुधात मळलं की त्याची दशमी होते आणि दशमीला वाटेवर सगळं माफ. हा नियम ज्या कोणी केला त्याचं पोट ठणठणीत असलं पाहिजे.

आजीचं तसं नव्हतं. दूध पोटात गेलं की तासा-दोन तासांत पोट टम्म फुगायचं, गुडगुडायचं आणि मग आडोसा शोधायची वेळ यायची. अचलपूरच्या वाड्यात त्याची सोय होती. बैलगाडीत, चार माणसांत, सासऱ्यांच्या समोर कुठून असणार? म्हणून आजी प्रवासाच्या दिवशी दशमीची गाठोडी मांडीवर घेऊन दिवसभर उपाशी बसायची. विचारलं तर म्हणायची, "आज माहा सोमवार हाय." सोमवार नसला तर शनिवार, शनिवार नसला तर कसलीशी चतुर्थी. वाड्यातल्या बायका म्हणायच्या, काय तरी बाई धार्मिक! एवढे उपास आमच्यानं नाही होत.

आजोबा परतवाड्याला एका लाकूड-ठेकेदाराकडे दिवाणजी होते. मेळघाटचं सागवान परतवाड्याच्या वखारीत उतरायचं. आजही तिथला लाकूडबाजार प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात वऱ्हाडचे साहेबलोक अमरावतीचा फुफाटा सोडून चिखलदऱ्यावर जायचे आणि कामं असलेली माणसं कागदपत्रांची बोचकी घेऊन त्यांच्यामागं घाट चढायची. आजोबाही जायचे. त्यांच्यासोबत कधीमधी आजी आणि लहान मुलं. माझ्या वडिलांनी चिखलदरा पहिल्यांदा पाहिला तो असा, बैलगाडीच्या मागच्या बाजूनं, पाय खाली सोडून.

मूर्तिजापूरकडचे पाहुणे यायचे ते शकुंतलेनं. अडीच फुटी रुळांची ती गाडी किलिक निक्सन या विलायती कंपनीनं कापसासाठी काढलेली. १९२१ साली मँचेस्टरला बनलेल्या वाफेच्या इंजिनानं ती १९९४ पर्यंत ओढली, मग डिझेल आलं, मग हळूहळू गाडीच बंद पडली. तिच्याबद्दल वऱ्हाडात एकच गोष्ट शंभर जणांनी सांगितलेली असते, की चालत्या गाडीतून उतरून शेतातला हरभरा उपटायचा आणि पुन्हा त्याच डब्यात चढायचं. आजी म्हणायची, हरभरे उपटता आले, पण माझं काम तेवढ्या वेळात नसतं झालं.

मग काशी घडली.

बडनेऱ्याहून भुसावळ, तिथून इटारसी, जबलपूर, अलाहाबाद करत मंडळी काशीला पोचली. काशीला गेलेल्यानं आवडीची एखादी गोष्ट तिथं सोडून यायचं, पुन्हा जन्मभर तोंडात घालायची नाही, ही आपल्याकडची रीत. लबाड माणसं कारलं सोडतात. आमच्या आजोबांनी प्रामाणिकपणे रामफळ सोडलं आणि पुढं दर मोसमात हळहळले. आजीची पाळी आली तेव्हा तिनं गंगेत ओंजळ सोडली आणि सांगितलं, दूध. पुरोहितानं म्हणे दोनदा विचारलं. भाजी नव्हे, फळ नव्हे, दूध! घरी परतल्यावर आजीला सासरच्या माणसांत जी पत आली ती शेवटपर्यंत टिकली. सासूबाईंनी स्वतः फर्मान काढलं की मोठ्या सुनेच्या दशम्या यापुढं वेगळ्या, लोण्यात मळायच्या.

मी दहा-बारा वर्षांची असताना आजीनं मला हे खरं काय ते सांगितलं. भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता. "देवाले देल्लं ते खरंच देल्लं. पन देवानंच आंधी मले ते देल्लं नोतं." मग थोडा वेळ थापायचा आवाज, आणि वरून, "तुह्या आजोबाले नोको सांगू."

आजीच्या त्या व्रतात एक पोटकलम होतं, ते मला आता फार मोलाचं वाटतं. दूध सोडलं होतं, ताक सोडलं नव्हतं. तूप सोडलं नव्हतं. दही वाटीभर चालायचं. मात्र खवा, बासुंदी, पेढा, रबडी यांना ती बोट लावायची नाही. कुणी शास्त्री अडवायला गेला तर म्हणायची, मी विश्वेश्वराला दूध म्हटलं, ताकाचं काही बोलले नाही. आणि खवा म्हणजे दुधाचं दूध. शास्त्र्यांना हा भेद कळायचा नाही. तो आजीच्या आतड्यांना कळलेला होता. दुधातली साखर पचवायला लहान आतड्यात एक पाचकरस लागतो. अंगावर पिणाऱ्या बाळात तो भरपूर असतो आणि जगातल्या बहुतेक माणसांत वय वाढेल तसा कमी होत जातो. पिढ्यान्पिढ्या गुरं राखून दुधावर जगलेल्या समाजांत तो म्हातारपणापर्यंत टिकलेला जास्त दिसतो. बाकीच्यांच्या पोटात ती साखर न पचता मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जंतू ती आंबवतात, वारा धरतो आणि पुढचं सगळं होतं. विरजण लावलं की त्यातले जंतू ती साखर आधीच बरीचशी खाऊन टाकतात. तुपात ती जवळजवळ नसतेच. खव्याचं उलट. म्हशीचं पाच लिटर दूध आटवलं की किलोभर खवा मिळतो, पण पाणी उडतं, साखर उडत नाही. म्हणजे शंभर ग्रॅम खवा खाणं हे अर्धा लिटर दूध एका घासात गिळण्यासारखं. काशीच्या घाटावर आजीनं घातलेल्या अटी आणि आजची वैद्यकाची पुस्तकं यांच्यात कुठंही तफावत नाही.

आणि ती नेमकी जायची कुठं, तर चिखलदऱ्याला.

परतवाड्याहून घाट चढून वर आलं की चिखलदऱ्याच्या अलीकडे मोथा लागतं. गवळ्यांचं गाव. आज तिथं स्ट्रॉबेरीही पिकते आणि रस्त्यावर पाट्या लावून विकतात, पण गावाची ओळख दूध आणि खवा हीच. मेळघाटच्या पठारावर गवळ्यांच्या म्हशींना चारा भरपूर, दूध भरपूर आणि गिऱ्हाईक मात्र घाटाखाली. ताजं दूध बैलगाडीच्या वाटेनं परतवाड्याला पोचेपर्यंत नासणार. म्हणून ते जागच्या जागी आटवायचं. जंगलात लाकूड फुकट होतं, वेळही होता. चिखलदऱ्याची रबडी आणि खवा आज पर्यटकांच्या यादीत आहेत ते असे, रस्ता नसल्यामुळे.

मोथ्यात मी खव्याची भट्टी पाहिली आहे. मातीचं चुलाण, त्यावर परातीएवढी पसरट लोखंडी कढई, आणि तिच्यापुढं उकिडवी बसलेली बाई. तिच्या हातातलं लांब दांड्याचं उलथनं एक क्षणही थांबत नाही. दूध कडेला चढतं, तिथं साय धरतं, ती खरवडून आत लोटायची. तळाशी लागायच्या आत तळ खरडायचा. सुरुवातीला नुसता पाण्याचा आवाज असतो. मग तो जड होतो, बुडबुडे सावकाश फुटायला लागतात, आणि एका टप्प्यावर सगळं दूध कढईचा तळ सोडून उलथन्याला गोळा होऊन चिकटतं. तेव्हा बाई तोंडानं काहीच न बोलता दोन जळती लाकडं मागं ओढते. धुरानं तिचे डोळे कायमचे लाल झालेले. मी विचारलं, तुमच्या घरी रोज खातात का हा? ती हसली. म्हणाली, खवा विकायचा, आम्ही भाकर आणि ताक खातो.

आजीच्या काळी मोथ्यात गाडी सोडली की गवळणी दुधाचा तांब्या घेऊन यायच्या. इथं आजीची खरी पंचाईत व्हायची आणि ती नीट समजून घ्यायची तर तेव्हाचा सोवळ्याचा हिशेब डोक्यात ठेवावा लागतो. गवळ्याच्या घरचं पाणी आजोबांना चालत नव्हतं. भाकर तर नाहीच नाही. दूध मात्र चालायचं, दुधाला विटाळ नाही. म्हणजे त्या घरात आजीच्या पोटाला जे सोसलं असतं ते तिच्या जातीनं बंद केलेलं आणि जातीनं जे मोकळं ठेवलेलं ते पोटाला सोसत नव्हतं. त्यातून दूध नाकारलं की गवळणीला वाटायचं, या बाईला आपलं दूधसुद्धा नको, एवढे का आपण वाईट? काशीच्या आधीच्या एका फेरीत अशीच एक म्हातारी तांब्या घेऊन रडत परत गेली होती. ते आजीच्या मनाला फार लागलेलं. काशीनंतर सगळं सोपं झालं. "काशीले सोडलं वं माय," एवढं म्हटलं की गवळण हात जोडायची, आणि ताक आणायची.

ताकात पाणी असतंच की! मी म्हटलं. आजी म्हणाली, "असते ना. पन ते कोनी इचारत नाई."

भाकरीचं तिनं आणखी पुढं कधीतरी सांगितलं, आजोबा गेल्यानंतर. चिखलदऱ्यावर आजोबा कचेरीत गेले की ती मुलांना घेऊन तलावाकडे जायची. वाटेत मोथ्याच्याच एका गवळणीचं खोपट होतं. तिथं तिनं चुलीवरची गरम ज्वारीची भाकर, वरून मिरचीचा ठेचा आणि ताक असं पोटभर खाल्लं. एकदा नव्हे. माझ्या वडिलांना आठवत होतं, आई आम्हाला म्हणायची, खेळा रे तिकडं, आणि आत जाऊन बसायची. ते समजायचे आत देव आहे.

पोटाचं दुखणं घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला जुन्या काळानं किती सांभाळून घेतलं, असं म्हणायचा मोह मला होतो तेव्हा मी ही दुसरी बाजू आठवते. जो तो आपली शिदोरी घेऊन निघायचा याचं कारण जो तो एकमेकाच्या हातचं खात नव्हता. आजीचं पोट त्या व्यवस्थेत लपून राहिलं इतकंच. साहेबांचं तरी काय वेगळं होतं! डाकबंगल्याचा खानसामा बऱ्याचदा साहेबानं स्वतःबरोबर आणलेल्या डब्यांतून साहेबाला रांधून घालायचा.

आजोबांना खाण्यापेक्षा खाण्याच्या गोष्टींत रस. चिखलदऱ्यावर संध्याकाळी मुलांना घेऊन बसले की सुरू. हा डोंगर म्हणजे विराटाचं राज्य. वैराटचा कडा अजून नावानं उभा आहे. पांडव इथं अज्ञातवासात राहिले आणि भीम राजाच्या मुदपाकखान्यात बल्लव नावाचा आचारी झाला. कीचकानं द्रौपदीवर वाईट नजर ठेवली म्हणून भीमानं त्याला मारून दरीत फेकला, म्हणून कीचकदरा, त्याचा चिखलदरा. भीमकुंडात त्यानं हात धुतले. इथपर्यंत सगळे सांगतात. आजोबा पुढं विचारायचे, सांगा बरं, ज्याला वृकोदर म्हणतात, ज्याची भूक कधी भागत नाही, त्यानं वर्षभर दुसऱ्यांना वाढायचं आणि आपल्या भुकेचा पत्ता लागू द्यायचा नाही, यात जास्त बळ लागलं की कीचकाला मारण्यात? आजी आतून म्हणायची, भीमाले काय झालं, त्याले सगळं पचे.

दुसरी गोष्ट गाविलगडाची. चिखलदऱ्याहून हाकेच्या अंतरावर तो किल्ला आहे, बहमनींच्या काळापासूनचा, नंतर इमादशाहीचा, मग नागपूरकर भोसल्यांचा. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांच्या आर्थर वेलस्लीनं तो घेतला. बेनीसिंग किल्लेदार लढता लढता पडला. १५ तारखेला किल्ला पडला आणि दोन दिवसांत देवगावचा तह होऊन भोसल्यांचं वऱ्हाड गेलं. वेलस्लीच्या हाताखालच्या स्टीव्हन्सनच्या फौजेनं अवजड तोफा डोंगरातून, जिथं वाट नव्हती तिथं वाट पाडून, उत्तरेच्या अंगाला ओढून आणल्या होत्या. आजोबांचं म्हणणं, किल्ला तोफांनी घेतला हे पुस्तकात लिहितात. घेतला तो बैलांनी. एका अर्थी बरोबरच आहे. वेलस्लीच्या त्या मोहिमा बंजाऱ्यांच्या तांड्यांवर उभ्या होत्या. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य लादून तांडे फौजेमागं चालायचे, आणि हा माणूस लढाईच्या नकाशाइतकाच तांदळाच्या आणि बैलांच्या हिशेबात डोकं घालायचा. त्याची दक्षिणेकडची पलटणं तांदूळ खाणारी. त्यांना वऱ्हाडची ज्वारी देऊन भागत नसे. दूरवरच्या परक्या मुलखात शेकडो मैल तांदूळ वाहून नेणं, हे काय होतं मग? एवढ्या मोठ्या फौजेचं पथ्यच की.

ज्वारीवरून आठवलं. आमच्या लहानपणी वऱ्हाडात रोजचं जेवण म्हणजे ज्वारी. काळ्या कसदार जमिनीत कापूस आणि ज्वारी, बांधाला तूर. भाकर, ज्वारीच्या कण्या, आंबील, हुरडा, लाह्या. गव्हाची पोळी सणाला, पाहुण्याला, आणि पुरणाची असली तर नशिबाला. वरण-पानगे आणि रोडगे म्हणजे रानातलं जेवण, तेही नवसापोटी. साठच्या दशकात अमेरिकेचा गहू रेशनवर आला. बहात्तरच्या दुष्काळात मिलो नावाची लाल ज्वारी आली. तिची भाकर थापली की तुटायची आणि खाल्ली की घशाखाली उतरायची नाही. आजीनं ती म्हशीला घातली, म्हशीनंही तोंड फिरवलं, अशी आमच्या घरची दंतकथा आहे. पुढं गहू मुबलक झाला, स्वस्त झाला, मऊ पोळी ही सुधारलेल्या घराची खूण झाली. भाकर करता न येणाऱ्या सुना आल्या. त्यांतली एक मी.

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, या बदलाच्या बळी आहेत असं मी म्हटलं तर डॉक्टर हसतील, पण पूर्ण चूक ठरवू शकणार नाहीत. साठी उलटल्यावर त्यांचं रक्त कमी होत गेलं. लोहाच्या गोळ्या, इंजेक्शनं, टॉनिकं. वजन उतरलं, जुलाब थांबेनात, हाडं दुखायला लागली. अखेर एका तरुण डॉक्टरनं रक्ताची वेगळी तपासणी सांगितली, दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला, आणि सांगितलं, तुम्हाला गव्हातलं ग्लुटेन चालत नाही. सीलिअॅक म्हणतात याला. गहू, मैदा, रवा, सातू, सगळं बंद. जन्मभर. वन्सं म्हणाल्या, जन्म उरलाय किती! पण सहा महिन्यांत त्यांच्या गालावर तजेला आला.

या रोगाचं कारण सापडलं तेही एका उपासमारीत. विलेम डिके नावाच्या डच बालवैद्याला संशय होताच. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये जर्मनांनी रसद तोडली, पाव मिळेनासा झाला, लोक ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागले, आणि सगळी मुलं वाळत असताना ही आजारी मुलं मात्र सुधारताना दिसली. पाव परत आला, मुलं परत आजारी. १९५० साली त्यानं प्रबंध लिहिला. गव्हाला रोजच्या ताटात जागा नव्हती तेव्हा आमच्या वऱ्हाडातही कित्येक वन्सं आपल्याला काही आहे हे न कळता जगून गेल्या असतील.

मेळघाटात बसून हे लिहिताना एक गोष्ट मध्ये येतेच. १९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी ऐंशीच्या दशकापासून आयुष्य काढलं, त्यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरांतल्या लोकांना पुन्हा आठवलं की इथं भूक आहे. जिथं खायलाच नाही तिथं 'मला हे सोसत नाही' असं म्हणणारं माणूस कसं दिसत असेल? पण इथल्याच कोरकू आदिवासींच्या घरात पिढ्यान्पिढ्या शिजत आलेली कोदो-कुटकी वन्संच्या आतड्याला अगदी मानवते. कुटकीचा भात मऊ, थोडा मातकट चवीचा. गरिबाचं म्हणून लोकांनी टाकलं, कोरकू पोरांनाही रेशनच्या तांदळापुढं ते नको झालं, आणि २०२३ साली जगानं भरडधान्याचं वर्ष साजरं केलं तेव्हा तेच शहरात सुबक पाकिटात बसून पाचपट भावानं विकायला आलं.

तर आम्ही दोघी, आजीसारखंच दूध न सोसणारी मी आणि गहू न सोसणाऱ्या वन्सं, पावसाळा सरता सरता चिखलदऱ्याला निघालो. परतवाड्याहून एस.टी. वन्संची पंच्याहत्तरी झालेली, त्यामुळे २०२२ पासून त्यांना एस.टी. फुकट, मला अर्धं तिकीट. कंडक्टरनं आधार कार्ड मागितलं की वन्सं ते असं दाखवतात जसं काही वारसाहक्काचं खत आहे.

आमच्या दोघींच्या पोटांची गंमत अशी की एकीचं पथ्य ते दुसरीचं विष. प्रवासात वन्संना सगळ्यात सुरक्षित म्हणजे उपासाचं. कुठल्याही गावात, कुठल्याही वारी, हॉटेलात जाऊन "उपासाचं काय आहे?" विचारावं. साबुदाणा, भगर, राजगिरा, शेंगदाणे, बटाटा. गव्हाचा कण नाही, हिंगसुद्धा नाही. हिंगाचं आम्हाला फार उशिरा समजलं. डबीतल्या हिंगात हिंग थोडा आणि त्याला बांधायला घातलेला मैदा किंवा डिंक बराच. म्हणजे साध्या वरणाच्या फोडणीतून गहू आत येतो. साबुदाणा वड्यालाही एक खोड आहे. कढई उपासाची वेगळी आहे का ते बघावं लागतं, कारण त्याच तेलात मघाशी समोसे पोहून गेलेले असतात. वन्सं आता हॉटेलात शिरल्या की मेनूकार्ड नाही, कढई बघतात. पण उपासाच्या त्याच पाटीवर माझ्यासाठी काय असतं? रबडी, पेढा, बर्फी, मसाला दूध. माझ्या सोयीची बिस्किटं, टोस्ट, पोळी यांनी वन्सं आडव्या होतील. दोघींचं एकमत होतं ते ज्वारीची भाकर, झुणका, ठेचा आणि फल्लीदाण्याची चटणी यांवर. गजानन महाराजांना झुणका-भाकरीचा नैवेद्य आणि गाडगेबाबांच्या खापरात चटणी-भाकर. वऱ्हाडच्या संतांची आवड आमच्या किती कामाची आहे!

भाकरसुद्धा सरळ नसते. पीठ कुठल्या चक्कीतलं? गव्हाच्या मागून ज्वारी दळली तर पहिले दोन-तीन किलो गव्हाचेच समजायचे. म्हणून वन्संचा मुलगा चक्कीवाल्याला सांगून ज्वारीवर ज्वारी दळून आणतो, आणि ते पीठ डब्यात घालून आम्ही बरोबर नेतो. तवा कुठला? पोळीचाच असला तर आधी घासायचा. हे परक्या माणसाला सांगायचं कसं, हा प्रश्न आहे.

कारण आजीच्या वाक्याला जे बळ होतं ते आमच्या डॉक्टरी कागदाला नाही. व्रत म्हटलं की कोणी 'थोडंसं घ्या, काही होत नाही' असं म्हणत नाही. आजाराला हटकून म्हणतात. चिखलदऱ्याच्या एका बऱ्यापैकी हॉटेलात मी भाजीत दूध, साय, पनीर, बटर, खवा काही नको म्हणून सांगितलं. पोरानं मान डोलावली. आलेल्या भाजीवर सायीची पांढरी नक्षी. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, हे तं फक्त सजावट हाय." पुढच्या टेबलावरच्या गृहस्थांनी सल्ला दिला, म्हातारपणी हाडांना दूध पाहिजे, सवय करा म्हणजे पचेल. मी हसून मान डोलावली. दुधाआधी घ्यायची एक गोळी मिळते, ती माझ्या पर्समध्ये असते. पण अनोळखी माणसाच्या आग्रहासाठी ती खर्च करायची नाही हे मी ठरवून टाकलंय.

वन्संनी रबडी मात्र माझ्यासमोर बसून, चमचा चाटत, सावकाश खाल्ली. मी काळी कॉफी प्यायले. चिखलदऱ्यात कॉफी पिकते, महाराष्ट्रात असं ठिकाण दुर्मीळ. साहेबांच्या हौसेनं रुजलेली ही झाडं अजून सावलीत तग धरून आहेत. गावात कॉफी मागितली की साखर घातलेली दुधाळ गोड येते. नुसती कॉफी हवी म्हटलं की पोरगा आत जाऊन विचारून येतो.

दुसऱ्या दिवशी बसस्टँडकडे एक खानावळ सापडली. पत्र्याची, चार टेबलांची. मालकच आचारी, अंगात बनियन, कानाला पेन्सिल. वन्संनी त्याला सगळं सविस्तर सांगितलं. तो ऐकून घेत राहिला आणि म्हणाला, "म्हंजे गव्हाचं बंद. माह्या मावशीलेई तसंच हाय. पीठ आनलं का?"

आम्ही डबा पुढं केला. त्यानं झाकण काढून वास घेतला, चिमूटभर तोंडात टाकलं. "मालदांडी दिसते."

"भाकरीचे किती घेणार?" वन्संचा पहिला प्रश्न.

"वीस."

"पीठ आमचं असून वीस?"

"पीठ तुमचं हाय बाई, पन तवा घासा लागीन ना. सकायपासून त्याच्यावर पोया होऊन रायल्या. तव्याचे वीस."

"आणि मी घासला तर?"

तो क्षणभर बघत राहिला. मग बाजूची राख आणि नारळाची शेंडी त्यांच्या दिशेनं सरकवून म्हणाला, "मंग दहा."

वन्संनी पदर खोचला.